न झालेल्या ब्रेकडाऊनचा हिशेब

आमच्या कंपनीच्या अप्रेझल फॉर्ममध्ये एक चौकट आहे. तिच्यावर लिहिलंय, 'मोजता येण्याजोगा परिणाम'. शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. अक्षरांची मर्यादा पाचशे. या चौकटीने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. बाकीच्या टप्प्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एप्रिलमध्ये फॉर्म उघडला, प्लँट हेडसाहेबांनी लगेच शेरा मारला आणि बऱ्याच उशिरा का होईना, बढतीचं पत्र आलं. मधला सगळा वेळ ती चौकट.

मी भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळते. खातं सात जणांचं. त्यातल्या एका फिटरला टेक्निशियनवरून सुपरवायझर करायचं, एवढंच मला हवं होतं. सगळा शॉप त्यांना मामा म्हणतो, मीही म्हणते. औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन आले ते इथेच रमले. मी डिप्लोमा करून नवीन लागले तेव्हा तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक पॅक उघडण्याआधी प्रेशर सोडायचं असतं हे मला पुस्तकाने नाही, मामांनी शिकवलं, तेही हात धरून मागे ओढून. आता कागदावर मी त्यांची साहेब आहे आणि ते मला मॅडम म्हणतात. शिकवायचं मात्र त्यांनी थांबवलेलं नाही.

मामांचं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे त्या चौकटीचा राग कळेल. राउंड मारताना एखाद्या व्हीएमसीपाशी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनपाशी, ते थबकतात. खिशातला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढतात, ऑपरेटरला स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, नुसताच फिरवायला सांगतात, टोक हेडच्या बाजूला टेकवतात आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात. डोळे मिटलेले. ऑपरेटरला प्रॉडक्शनचा आकडा दिसत असतो, तो चुळबुळ करतो. मग मामा म्हणतात, "खालच्या बेअरिंगला किरकिर लागलीये. आठ-दहा दिवस ओढेल. गुरुवारी घेऊ."

गुरुवार म्हणजे आमच्याकडची साप्ताहिक सुट्टी. लाइन बंद असते, म्हणून मेंटेनन्सची खरी कामं त्याच दिवशी. मामा आणि त्यांच्यासोबतचा ट्रेनी दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून बसतात आणि शुक्रवारी सकाळी पहिली शिफ्ट येऊन बटण दाबते. मशीन चालू होतं. कुणाला काही कळत नाही. कळण्यासारखं काही घडलेलंच नसतं!

आता हे पाचशे अक्षरांत आकड्याने मोजून दाखवा.

पहिल्यांदा मी साधंच लिहिलं होतं: वेळेवर देखभाल, लाइन सुरळीत, वगैरे. एचआरकडून फॉर्म परत. शेरा, 'संख्या द्या'. मग मी प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं, म्हणजे बिघाडाआधीच करायच्या देखभालीचं, शेड्युल किती टक्के पाळलं ते टाकलं. पुन्हा परत. शेरा, 'ही ॲक्टिव्हिटी झाली, परिणाम नाही'. चरफडत का होईना, हा मुद्दा मला मान्य करावा लागला. चेकलिस्टवर टिक मारणं आणि मशीन धडधाकट राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भोसरीत टिका मारणाऱ्यांची कमी नाही.

पण पुढे? एचआर आमच्या हेड ऑफिसात बसतं, बाणेरला. त्यांना शनिवार-रविवार सुट्टी, आम्हाला गुरुवारी. मी शनिवारी फोन करावा तर तिकडे रिंग वाजत राहते. त्यांचा मेल नेमका गुरुवारी येतो, 'आज संध्याकाळपर्यंत उत्तर अपेक्षित'. त्या वेळी मी एखाद्या उघड्या गिअरबॉक्ससमोर उभी असते. शुक्रवारी उत्तर दिलं की ते सोमवारी वाचलं जातं. तोवर पोर्टलवर फॉर्म 'प्रलंबित', आणि प्रलंबित कुणाकडे, तर माझ्याकडे. रोज सकाळी आठवण करून देणारा मेलही मलाच.

शेवटी एकदा फोन लागला. पलीकडची मुलगी अगदी नम्र होती, त्यामुळे चिडताही येईना. ती म्हणाली, "मॅडम, मी तुलना करून बघितली. आपल्या दुसऱ्या युनिटच्या टेक्निशियनने अटेंड केलेल्या ब्रेकडाऊनचा आकडा खूप मोठा आहे. तुमच्या मामांचा इतका कमी का?"

"कमी आहे कारण त्यांची मशीन बंद पडत नाहीत."

"हो, पण मग त्यांनी वर्षभर केलं काय, ते कुठे दाखवायचं?"

मी फोन ठेवला आणि टपरीवर जाऊन कडक चहा घेतला. रात्री-बेरात्री धावत येऊन मशीन चालू करणारा माणूस सगळ्यांना दिसतो, त्याला टाळ्या मिळतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अंगठे मिळतात. तेच मशीन बंद पडू न देणारा माणूस अप्रेझलमध्ये रिकामा दिसतो. दुसऱ्या युनिटच्या त्या टेक्निशियनबद्दल माझी तक्रार नाही, तो बिचारा खरोखर राबतो. तक्रार आकड्याबद्दल आहे. त्या आकड्यावर बढती ठरायला लागली तर उद्या कोण कशाला गुरुवारी येऊन बेअरिंग बदलेल?

जपानी लोकांना हे फार पूर्वी कळलं होतं. टोयोटाला भाग पुरवणाऱ्या निप्पॉनडेन्सोला १९७१ मध्ये देखभालीतल्या कामाबद्दल तिथल्या प्लँट मेंटेनन्सच्या संस्थेचं बक्षीस मिळालं, आणि आज ज्याला आपण टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) म्हणतो ते तिथून जगभर गेलं. बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा तो होऊच न देणं, आणि त्यात ऑपरेटरलाही सामील करणं, हा त्याचा गाभा. आमच्याकडेही टीपीएमचा बोर्ड आहे, रंगीत टॅग आहेत, ऑडिटला पाहुणे आले की त्यासमोर फोटो निघतो. अप्रेझलच्या फॉर्मपर्यंत मात्र तो बोर्ड पोचलेला नाही.

तर मी काय केलं. ब्रेकडाऊनची रजिस्टरं काढली आणि मामांकडे असलेल्या मशीनचा एमटीबीएफ काढला. दोन बिघाडांच्या मधे मशीन सरासरी किती तास चाललं, एवढाच त्याचा अर्थ. समजा महिन्यात मशीन ४०० तास चाललं आणि आठ वेळा बंद पडलं, तर ५० तास. दोनदाच पडलं, तर २००. इथे आकडा वाढला की चांगलं, त्यामुळे एचआरलाही बरं वाटतं. गेल्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा शेजारी शेजारी ठेवला. फॉर्म पुढे सरकला, आणि फायनान्सच्या माणसाने अडवला: याचे पैसे किती वाचले?

जे घडलंच नाही त्याचे पैसे कसे सांगणार? दोन दिवस हेच डोक्यात. आणि मग आठवलं की ते घडलं होतं, फक्त शेजारच्या मशीनवर. त्याच मॉडेलच्या एका व्हीएमसीचा स्पिंडल आदल्या वर्षी चालू शिफ्टमध्ये जाम झाला होता. ते मशीन तेव्हा मामांकडे नव्हतं. त्याची फाइल स्टोअरच्या वरच्या कपाटात धूळ खात होती आणि तिच्यात सगळं होतं: स्पिंडल दुरुस्तीचं बिल, काम बाहेरच्या शॉपमध्ये करून घेतल्याचं बिल, आणि ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून स्वतंत्र टेम्पोने पाठवलेल्या मालाचं भाडं. या सगळ्याची बेरीज एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मामांनी गुरुवारी बदललेल्या बेअरिंगच्या संचाचं बिल आणि त्या दिवसाचा ओव्हरटाइम. मधे वजाबाकीचं चिन्ह. पाचशे अक्षरंही लागली नाहीत. चौकट हिरवी झाली ती त्याच दिवशी. मी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, आणि खरं सांगते, अधूनमधून बघते.

यातून निघालेली पहिली टीप: तुमच्या माणसाने टाळलेला बिघाड दाखवायचा असेल तर तसाच झालेला बिघाड शोधा. तो कुठेतरी झालेला असतोच. हे फक्त मेंटेनन्सला लागू नाही. टेस्टिंगवाले, सेफ्टीवाले, पेरोल वेळेत काढणारी मंडळी, सगळ्यांचं दुखणं हेच.

दुसरी: एकच काम प्रत्येक टेबलावर वेगळ्या आकड्यात सांगावं लागतं. फायनान्सला रुपये. एचआरला गेल्या वर्षीपेक्षा सुधारणा. आमच्या प्लँट हेडसाहेबांना ओईई, म्हणजे मशीन उपलब्ध किती वेळ, वेगाने किती चाललं आणि माल किती चांगला निघाला, या तिन्हींचा गुणाकार. ९०, ९५ आणि ९९ टक्के, तिन्ही ऐकायला झकास, पण गुणाकार ८५च्या आसपास येतो. उपलब्धता जरा घसरली की बाकी दोघं कितीही गुणी असोत, आकडा खाली. साहेबांना हे सांगितलं की मेंटेनन्सची बाजू वेगळी मांडावी लागत नाही.

हो, आणि फॉर्म आधी वर्डमध्ये लिहा. पोर्टल थोड्या वेळाने आपोआप बाहेर काढतं आणि लिहिलेलं सगळं जातं.

आता मी एक जाड वही ठेवलीये. शुक्रवारच्या राउंडला खात्यातल्या एकेकाबरोबर चालते. केबिनमध्ये बसवून 'काही अडचण?' विचारलं की 'नाही मॅडम' हेच उत्तर येतं. मशीनपाशी उभं राहून विचारलं की बोलणं सुरू होतं. जे कळेल ते वहीत एका ओळीत: तारीख, मशीन, काय ओळखलं, काय केलं. काढलेल्या बेअरिंगचा फोटोही घेते, गोळ्या फिरतात त्या ट्रॅकवरचे खड्डे दिसतील असा. वर्षअखेरीला मार्चमध्ये आठवत बसलं की फक्त फेब्रुवारी आठवतो.

आणखी एक अडथळा नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्या खात्यांची रेटिंग जुळवून घेण्याच्या, मीटिंगमध्ये निघाला. कुणीतरी विचारलं, "यांना वर घेतलं तर मशीन कोण ऐकणार?" म्हणजे माणूस इतका चांगला की त्याला हलवायचंच नाही! यासाठी माझ्याकडे स्किल मॅट्रिक्स तयार होता. प्रत्येकाच्या नावासमोर चार भागांचा गोल: माहिती आहे, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवतो. मामांसोबतच्या ट्रेनीचा गोल पाऊण भरला होता. मामा त्याला आधी स्वतः कान लावू देतात, काय ऐकलं ते विचारतात, मगच स्वतः ऐकतात. बढती हवी असेल तर त्या माणसाच्या हाताखाली कुणीतरी तयार दिसलं पाहिजे, आणि ही तयारी एप्रिलमध्ये होत नाही.

त्याच मीटिंगमध्ये बेल कर्व्हही आला, म्हणजे थोडे वर, बरेच मधे, थोडे खाली अशी रेटिंगची सक्तीची वाटणी. सात जणांत एक तरी 'अपेक्षेपेक्षा कमी' हवाच. हजारो माणसांसाठी काढलेली वक्ररेषा सात जणांवर बसवायची म्हणजे सात जणांच्या पंगतीत एकाला उपाशी उठवायचंच, असा नियम. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७०, खालचे १० अशी वाटणी गाजवली आणि सगळ्यांनी ती उचलली. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडली, पुढे खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही ठरावीक रेटिंगपासून फारकत घेतली. आमच्याकडे अजून आहे. यंदा खालचं रेटिंग कुणाला गेलं, तर राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर असलेल्या मुलाला. सगळ्या खात्यांत हीच युक्ती चालते आणि सगळ्यांना ती माहीत असते. मला पटत नाही. पण त्या दिवशी मी मामांच्या बाजूने भांडत होते आणि दोन आघाड्या उघडायची माझी तयारी नव्हती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र आत्ता आठवतेय, खरं तर ती सगळ्यांत आधी करायची असते: ज्याच्यासाठी धावताय त्याला विचारा. मी उत्साहाने मामांना सांगायला गेले तर ते हात पुसत म्हणाले, "मॅडम, ओटी जाईल ना मग?"

बरोबर होतं त्यांचं. कायद्याप्रमाणे कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो. सुपरवायझर ग्रेडला आमच्याकडे तो नाही, फक्त बदली सुट्टी. मामांचे बहुतेक गुरुवार ओव्हरटाइमचे. बढती मिळून हातात येणारी रक्कम कमी झाली असती! मी त्यांच्या वर्षभराच्या पगारपावत्या मागवल्या, ओव्हरटाइमची सरासरी काढली आणि नवीन ग्रेडमध्ये तेवढी तरी भर पडली पाहिजे असं एचआरला लिहून दिलं. हे पत्र निघण्याआधीच करावं लागतं, नंतर कुणी ऐकत नाही. मामांनी आकडे घरी नेले, मामींना दाखवले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ही म्हणते, घ्या. गुडघे दुखतात तरी किती दिवस मशीनखाली शिरणार."

पत्र आलं ते एप्रिलपासून लागू असं. थकबाकी पुढच्या पगारात. बेसिक वाढलं की त्यावरचा बारा टक्के पीएफही वाढतो, त्यामुळे पत्रातली वाढ आणि खात्यात जमा झालेली वाढ जुळत नाही. हे आधी समजावून सांगा, नाहीतर पगाराच्या दिवशी फोन येतो.

सुपरवायझरला निळ्याऐवजी करडा शर्ट असतो. तो पत्रासोबत येत नाही, स्टोअरला वेगळी मागणी टाकावी लागते, आणि त्या मागणीच्या फॉर्मवर 'कारण' अशी एक चौकट आहे. मी 'बढती' लिहिलं होतं. काल परत आला: 'पत्राची प्रत जोडा'.