इंटरसेप्टर टोकन वाटत सुटतो तेव्हा

गॅरेजवाल्यांसाठीचं, अँग्युलरमध्ये (ब्राउझरमधली ॲप्स बनवायची एक चौकट) लिहिलेलं एक ॲप्लिकेशन सध्या माझ्याकडे आहे, आधीच्या टीमकडून आलेलं. गाडी आली की मेकॅनिक तिचे फोटो काढून चढवतो. फोटो थेट ॲमेझॉनच्या एस-थ्री बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या फाइलींच्या कोठारात, जातात. आमचा सर्व्हर फक्त सही केलेली, थोडाच वेळ चालणारी यूआरएल देतो आणि ब्राउझर तिथे फाइल 'पुट' करतो. तर हे फोटो चढेनात. पोस्टमनमधून (रिक्वेस्ट हाताने पाठवून बघायचं टूल) तीच यूआरएल सुरळीत, ब्राउझरमधून 400, म्हणजे 'रिक्वेस्टच चुकीची'. अशा वेळी आमच्याकडे पहिला आळ कॉर्सवर, म्हणजे पानाला दुसऱ्या डोमेनशी बोलू द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या ब्राउझरच्या नियमांवर, येतो, आणि बऱ्याचदा तो बिचारा निर्दोष असतो.

नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्सचं एक्सएमएल उघडलं, तर एस-थ्रीने कारण स्वच्छ लिहून दिलं होतं: ओळख पटवायची एकच पद्धत चालेल. यूआरएलमध्ये सही होतीच, वर आमच्या इंटरसेप्टरने (ॲपची प्रत्येक रिक्वेस्ट आणि तिचा रिस्पॉन्स ज्यातून जातो तो कोड) ऑथरायझेशन हेडरमध्ये बेअरर टोकन, म्हणजे लॉगिन केलेल्या युजरचा ओळखीचा परवाना, तोही चिकटवलेला. पोस्टमनमध्ये आमचा इंटरसेप्टर नाही, म्हणून तिथे आलबेल.

एस-थ्रीने निदान तक्रार तरी केली. खरी भीती तक्रार न करणाऱ्यांची आहे. नकाशाची सेवा, पिनकोडवरून गाव शोधणारी सेवा, असे बाहेरचे कॉलही त्याच एचटीटीपी क्लायंटमधून जातात. ज्यांना तो हेडर चालतो त्यांच्याकडे आमच्या युजरचं टोकन निमूट पोहोचतं. दूधवाल्याला, पेपरवाल्याला घराच्या किल्लीची एकेक नक्कल देण्यातला प्रकार. शिवाय जो साधा 'गेट' कॉल एरवी थेट गेला असता, त्याच्याआधी आता 'ऑप्शन्स'ची प्रीफ्लाइट, म्हणजे 'पाठवू का' असं आधी विचारणारी, रिक्वेस्ट जाते ती वेगळीच.

उपाय दोन ओळींचा आहे, पण त्यातही खाच आहे. 'यूआरएलची सुरुवात आमच्या पत्त्याने होते का' एवढंच तपासलं, तर आमच्या डोमेनपुढे टिंब देऊन दुसरंच डोमेन जोडलेला पत्ताही पास होतो. म्हणून यूआरएल ऑब्जेक्ट बनवायचा आणि ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) तंतोतंत जुळवायचं. जुळलं तर टोकन, नाहीतर रिक्वेस्ट आली तशी पुढे. अँग्युलरमध्ये रिक्वेस्ट जागच्या जागी बदलता येत नाही, क्लोन करून नवी पुढे द्यावी लागते. हे 2017 मध्ये 4.3 मध्ये एचटीटीपी क्लायंट आला तेव्हापासून असंच आहे. पंधराव्या आवृत्तीपासून साध्या फंक्शनचे इंटरसेप्टर लिहिता येतात, त्यामुळे क्लास आणि प्रोव्हायडरचा पसारा तरी गेला.

रिॲक्टवाल्या मित्रांसाठी: ॲक्सिओसमध्ये (रिक्वेस्ट पाठवायची लायब्ररी) क्रमाची गंमत आहे. रिक्वेस्टचे इंटरसेप्टर उलटे चालतात, शेवटी जोडलेला आधी. रिस्पॉन्सचे मात्र जोडले त्याच क्रमाने. हे ठाऊक नसेल तर लॉगिंगवाल्या इंटरसेप्टरला टोकन का दिसत नाही यावर दुपार जाते. आणि नुसतं फेच (ब्राउझरचं स्वतःचं फंक्शन) वापरत असाल तर अशी सोयच नाही. विंडोवरचं फेच पुसून स्वतःचं बसवण्यापेक्षा एक छोटं रॅपर फंक्शन लिहा आणि सगळ्यांनी तेच वापरा.

आता 401, म्हणजे 'ओळख पटली नाही'. सकाळी गॅरेज उघडतं, मालक कालची टॅब तशीच पुढे चालू करतो, डॅशबोर्ड एकदम सहा कॉल मारतो. ॲक्सेस टोकन (प्रत्येक कॉलसोबत जाणारं) रात्रीतच एक्स्पायर झालेलं, त्यामुळे सहाही 401. इंटरसेप्टर प्रत्येकासाठी स्वतंत्रपणे रिफ्रेश, म्हणजे रिफ्रेश टोकन दाखवून नवं ॲक्सेस टोकन, मागतो. आमच्या सर्व्हरवर रिफ्रेश टोकन एकदाच चालतं, वापरलं की बदलतं. पहिला कॉल नवं टोकन घेऊन जातो, दुसरा जुनंच दाखवतो. सर्व्हरला वाटतं टोकन चोरीला गेलंय आणि तो सगळं सेशन बंद करतो. सर्व्हरचं वागणं अगदी बरोबर आहे. मालकाला मात्र रोज सकाळी लॉगिनचं पान दिसतं.

यावर पहिल्या 401 ला रिफ्रेश सुरू करायचा आणि तो चालू असलेला प्रॉमिस (अजून यायच्या उत्तराची चिठ्ठी) इंटरसेप्टरच्या बाहेर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. बाकीचे पाच त्याच प्रॉमिसवर थांबतात. काम झालं, फसलं, काहीही होवो, शेवटी व्हेरिएबल रिकामं करायचं. हे राहिलं तर एकदा फसलेला रिफ्रेश पान रीलोड होईपर्यंत फसलेलाच राहतो. पुन्हा पाठवलेल्या रिक्वेस्टवर खूण हवी, म्हणजे तिला परत 401 आला तर गाडं गोल फिरत बसणार नाही. आणि रिफ्रेशचा कॉल याच इंटरसेप्टरमधून जाता कामा नये: अँग्युलरमध्ये एचटीटीपी बॅकएंड थेट वापरायचा, ॲक्सिओसमध्ये त्यासाठी वेगळा इन्स्टन्स.

(हे सगळं बॅकएंडवाले खरोखर 401 पाठवत असतील तर. काही जण 200, म्हणजे 'सगळं ठीक', देऊन आत 'सक्सेस: फॉल्स' लिहितात. त्यांच्याशी आधी चहावर बोला, मग कोड लिहा.)

दोन टॅब उघड्या असतील तर ते व्हेरिएबल पुरत नाही, कारण प्रत्येक टॅबची मेमरी वेगळी. तिथे वेब लॉक्स एपीआय, म्हणजे एका वेळी एकाच टॅबला कुलूप देणारी ब्राउझरची सोय, कामी येतो. सफारीनेही 2022 पासून तो दिलाय, त्यामुळे आता वापरायला हरकत नाही. कुलूप मिळालं की रिफ्रेश मारण्याआधी शेजारच्या टॅबने साठवलेलं नवं टोकन आलंय का ते बघायचं; आलं असेल तर तेच घ्यायचं.

आधीच्या टीमने याच इंटरसेप्टरमध्ये लोडर, एररचे टोस्ट (स्क्रीनवर उगवणाऱ्या सूचनेच्या पट्ट्या) आणि तारखांचं फॉरमॅटिंगही भरलं होतं. मी ते सगळं काढतेय. पार्श्वभूमीत दर मिनिटाला जाणारा कॉल फसला म्हणून मेकॅनिकच्या स्क्रीनवर लाल पट्टी कशाला? टोस्ट दाखवायचा की नाही हे ज्याने कॉल केला त्यालाच कळतं.

रिफ्रेशचं हे गणित तपासायचं असेल तर डेव्ह सर्व्हरवर ॲक्सेस टोकनचं आयुष्य एका मिनिटावर आणा आणि नेटवर्क टॅबमध्ये वेग 'स्लो'वर टाका. आमच्याकडे ते तसंच ठेवलंय. क्यूएवाले (टेस्टिंग करणारे) कुरकुरतात, पण सेटिंग बदलणार नाही म्हणून सांगितलंय.