गुण्याची रेघ

वाशीत दर रविवारी मी मोठ्यांसाठी चित्रकलेचा वर्ग घेते. गेल्या पावसाळ्यात एक काका येऊ लागले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. आयुष्य टी-स्क्वेअर, गुण्या आणि रोट्रिंग पेन यांत गेलं. "मनात येईल ते रंगवा" म्हटलं की ब्रश हवेतच थांबायचा. "मॅडम, माप काय धरू?"

त्या दिवशी मी चित्रकार पॉल क्लेबद्दल बोलत होते. १९२५च्या पुस्तिकेत त्याने रेघेला फिरायला धाडलंय, कुठे पोचायचं ते न ठरवता. काका म्हणाले, "निघाली ते ठीक. पण थांबते कुठे?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

त्यांच्या सुकलेल्या पिवळ्या थरावर निळा ॲक्रेलिक फार जाड लागला होता. पावसाळी हवेत तो लवकर सुकेना. फडकं हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी पेटीतला गुण्या उचलला आणि कडेनं रंग खरवडला. निळ्यातून पिवळी रेघ निघाली: सुरुवातीला धारदार, शेवटाला विरत गेलेली. काका थबकले. पुन्हा ओढली, या वेळी मनगट वळवून. मग गुण्याचं टोक, मग मधल्या पोकळीची कड. ओठ किंचित उघडे, खांदे सैल. दहा मिनिटं वर्गात कुणी बोललं नाही. मग त्यांनी गुण्या खाली ठेवला. "बास. आता ओढली तर बिघडेल."

मला राहवलं नाही. "काका, अस्संच अजून एक करा ना!" ही माझी चूक. रंग तेच, गुण्या तोच, पण दुसऱ्या कागदावर रेघा कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या आल्या. ते खट्टू झाले, मला फार वाईट वाटलं. मग मी त्यांना चित्रकार वासुदेव गायतोंड्यांबद्दल सांगितलं. तेही रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत, काढत. पण वर्षाला मोजकीच चित्रं करत. हात मोकळा सुटण्याआधी बराच काळ नुसतं बसून राहणं असायचं. काका म्हणाले, "म्हणजे आज माझं बसणं पस्तीस वर्षांचं झालं."

निघताना सवयीने त्यांनी पहिल्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली. नाव, तारीख. स्केलच्या रकान्यात लिहिलं: एन.टी.एस. ड्रॉइंग ऑफिसात त्याचा अर्थ, मापात नाही.