सहीवाचून अडलेले पंचवीस हजार

2019 च्या जुलैमध्ये आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची फेरनिवड झाली, तेव्हा मी मुख्याध्यापक आणि म्हणून समितीचा सचिव होतो. शाळेचा पट 62. समग्र शिक्षा योजनेत एवढ्या पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळे. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सारे त्यातूनच भागवायचे. आदल्या वर्षी हे पैसे खात्यावर असूनही खर्च झाले नाहीत, कारण धनादेशावर अध्यक्षांची आणि माझी अशा दोन सह्या लागत आणि दुरुस्तीचे काम विरोधी गटाच्या गवंड्याकडे जाणार म्हणून अध्यक्ष सही करीनात. मार्च उलटला. वीज तोडली गेली. मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार मोडकेच राहिले आणि चौथीतल्या दोन मुली मधल्या सुट्टीत घरी गेल्या की परत येत नसत. हे मी वरिष्ठांना लेखी कळवायला हवे होते. गावातले भांडण वाढेल या भीतीने कळवले नाही, याची खंत मला आजही आहे.

सभेच्या दिवशी दोन्ही गटांचे पुढारी आपापली माणसे घेऊन आले आणि ग्रामसभेत बसावे तसे व्हरांड्याच्या दोन बाजूंना बसले. मी शिक्षण हक्क कायद्याचे कलम 21 वाचून दाखवले : समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. मग हजेरीपट उघडून सांगितले की, ज्याचे मूल या पटावर आहे त्यानेच थांबावे आणि मुलाच्या इयत्तेच्या वर्गात जाऊन बसावे. दोन्ही पुढाऱ्यांची मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात होती. एकाने आवाज चढवला, बदलीची धमकीही दिली. मी हजेरीपट त्याच्यासमोर धरला. अखेर दोघेही फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

इयत्तेप्रमाणे बसताच गटांची सरमिसळ झाली. दुसरीच्या वर्गात वर्षभर एकमेकांशी न बोललेले दोन चुलतभाऊ एकाच बाकावर आले. प्रत्येक वर्गाने आपले प्रतिनिधी निवडले, पण अध्यक्षपदाची वेळ आली तेव्हा पुन्हा कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीच्या आईने, ज्या शेतमजुरी करतात आणि सभेत यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या, मला विचारले, “गुरुजी, आधी सांगा, मागल्या साली पैसे आले होते का?” मी पासबुक आणले आणि आकडा मोठ्याने वाचला. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्याच बाईंना नऊपैकी सहा पालक सदस्यांनी हात वर करून अध्यक्ष केले. पहिला ठराव स्वच्छतागृहाच्या दाराचा झाला, दुसरा थकीत वीजबिलाचा. संध्याकाळी इतिवृत्त लिहून झाल्यावर अध्यक्षबाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, दाराच्या कामाची रक्कम किती धरली आहे हे पुन्हा विचारले आणि मगच सही केली.