बसऱ्याच्या यादीत पणजोबा शोधताना

पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईत गेले’, एवढंच घरात सांगितलं जायचं. पुरावा म्हणजे देवघराशेजारच्या कोनाड्यातली ब्राँझची चकती, तळहाताहून मोठी. आजी ती पितळीच समजून दरवर्षी दिवाळीला चिंचेने घासायची, त्यामुळे सिंहाचं तोंड पार झिजलंय. चौकटीतलं नाव मात्र शाबूत. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकार ती पाठवायचं. हुद्दा मुद्दाम नसायचा. साहेब आणि शिपाई सारखेच. (ही समानता चकतीपुरतीच होती, ते पुढे कळलं.)

शोध घेतला युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर. नुसतं आडनाव टाकून भागत नाही. पलटणीच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून चकतीवरचंच स्पेलिंग टाकलं. पलटण आजीच्या तोंडी होती, ‘एकशे दहा’, म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. जिल्हाही जुनाच धरावा लागतो: रायगड नाही, कुलाबा.

नोंद निघाली, बसरा मेमोरियलच्या यादीत. वडिलांचं नाव, गाव, महाड, कुलाबा. मृत्यू जुलै १९१६.

तारखेपाशी अडलो. ११० वी डिसेंबर १९१५ पासून आजच्या इराकमधल्या कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात होती. घोडे कापून खायची पाळी आली, आणि कित्येक हिंदी शिपाई ते मांस तोंडात घ्यायला तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेला, सुमारे १३,००० माणसं कैद झाली आणि ऐन उन्हाळ्यात त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. म्हणजे पणजोबा बहुधा कैदेतच वारले. नोंदीत कारण दिलेलं नाही.

इराकमधलं हे बसरा मेमोरियल ४०,००० हून अधिक सैनिकांचं. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली; हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा, नावं रजिस्टरात. मला याचा संताप आला, अजूनही येतो. कमिशनने असल्या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. स्मारकही आता मूळ जागी नाही, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते शहराबाहेर हलवलं.

आमच्या गावच्या शिळेवरही आकडेच आहेत: किती गेले, किती मेले. म्हणून आता कमिशनच्या वेबसाइटवरच्या ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव टाकून बाकीच्यांना शोधतोय. भावकीत आणखी एक चकती निघाली, तिचंही काम चालू आहे. महाड-पोलादपूरकडे कुणाच्या घरी असेल तर फोटोत नावाची चौकट स्पष्ट येऊ द्या. शोधायला तेच स्पेलिंग लागतं.