कशावरून?
दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत सातवीला २७ मुलं आहेत. दिवाळीनंतर त्यांना भूगोलाचा एक निबंध दिला: ‘आपल्या गावचं पाणी खारं का?’ अट एकच. जे म्हणाल ते कशावरून म्हणता, तेही लिहायचं. घरी विचारा, विहिरीवर जा, भिंतीवरचा नकाशा पाहा. मुदत आठ दिवस. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातल्या, पोरांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. पिण्यासाठी आता शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं, पण नळ गेला की गाव पुन्हा बोअरवर, आणि बोअरचा घोट घेतला की तोंड वाकडं होतंच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गठ्ठा घेऊन बसले आणि दोन तासांत मोकळीही झाले. तिथेच चुकलं. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, शेवटी ‘अशा प्रकारे’ असलं की आठ. वाकडंतिकडं, वऱ्हाडीत लिहिलेलं असलं की चार-पाच. वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप चालतो.

रविवारी गुण नोंदवहीत चढवताना लक्षात आलं, ११ निबंधांत एकच वाक्य आहे: ‘फार पूर्वी येथे समुद्र होता, म्हणून पाणी खारे आहे.’ गाईडमधून उतरवलं म्हणावं तर आमच्या गावच्या पाण्यावर गाईड कोण काढणार? सोमवारी वर्गात विचारलं, समुद्र होता हे कशावरून? एक पोरगा उभा राहिला, सरळ म्हणाला, “मॅडम, तुम्हीच तं सांगतलं होतं.”

सांगितलं होतं. गेल्या वर्षी, नकाशा दाखवताना, ओघात. मीही ते लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेलं. त्या ११ जणांनी पुरावा दिलाच नव्हता असं नाही. त्यांचा पुरावा मी होते. आता याला किती गुण द्यायचे?

सगळे गुण खोडले. कागदावर तीन रकाने आखले: काय म्हणतो, कशावरून, आणि मग त्याचं काय. दहापैकी म्हणण्याला २, पुराव्याला ४, दोन्हींची सांगड घालण्याला ३, मांडणीला १. शुद्धलेखनाचे गुण मराठीच्या तासाला आहेतच, भूगोलात ‘म्हून’ लिहिलं म्हणून काय बिघडतं? दुसरा नियम असा ठरवला की ऐकीव पुरावा चालेल, पण सांगणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः पाहिलेली हवी. ‘आजी म्हनते पावसायात इहिरीचं पानी कमी खारं लागे, उन्हायात लय’ हे धरायचं. आजीनं पन्नास वर्षं ते पाणी शेंदलंय. मी समुद्र पाहिलेला नव्हता.

तरी अडलं. बऱ्याच मुलींनी लिहिलं होतं, बोअरच्या पाण्यात तुरीची दाय शिजत नाही, सोडा टाकावा लागतो. साबणाला फेस येत नाही. घरातलं, रोजचं, डोळ्यांनी पाहिलेलं. मी चारपैकी चार देत सुटले होते. आमचे विज्ञानाचे सर डबा खाता खाता म्हणाले, “मॅडम, हे दुष्फेन पाण्याचं लक्षण झालं. पाणी जड आहे एवढंच त्यातून कळते. खारेपणाचं काय?” बरोबर होतं. आमच्याकडे पाणी जडही आहे आणि खारंही, म्हणून पोरी दोन्ही एकाच पिशवीत भरतात. मीही भरत होते. मग तिथे पुराव्याचे गुण ठेवले, सांगडीचे कापले आणि समासात लिहिलं: ‘पुरावा खरा, पण तो कशाचा?’

एका पोराचा निबंध पाऊण पानाचाच. त्यानं बोअर, विहीर आणि नळ यांचं एकेक पेला पाणी तीन ताटल्यांत घालून टिनावर वाळत ठेवलं होतं. बोअरच्या ताटलीत पांढरा जाड थर, विहिरीच्या ताटलीत पातळ, नळाच्या ताटलीत जेमतेम. एवढं लिहून निबंध संपला. पुढे काहीच नाही. नियमानं पुराव्याला ४, सांगडीला शून्य. मन होईना. त्याला बोलावून विचारलं, “मग?” तो म्हणाला, “मग काय मॅडम, पानी उडून गेलं, खार राह्यला. जमिनीतबी असंच होत असन.” आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत तोंडी काम आहेच. निबंधाचे गुण तसेच ठेवले, हे वाक्य तोंडी कामात धरलं.

सगळ्यात जास्त खजील झाले ते एका मुलीच्या कागदावर. तिची सुरुवातच मामाच्या गावापासून होती. गाव अंजनगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे संत्र्याचे बगीचे, केळी, गोड पाणी, असं अर्धं पान. शनिवारी मी त्यावर लाल पेनानं ‘विषयांतर’ लिहून १० पैकी ४ दिले होते. पुढचं वाचलं असतं तर! खाली होतं: ‘मामाच्या वावरात इहीर खंदली तं गोटे निंगते. आमच्या वावरात नुसती चिकनमाती निंगते. मामाचं गाव डोंगराजवय हाये, आमचं पूर्णेजवय.’

पूर्णेच्या खोऱ्याचा भूगोलच तिनं तीन ओळींत मांडला होता. डोंगरातून वाहून आलेले गोटे-वाळू पायथ्याशीच पडतात, त्यातून पाणी चटकन मुरतं. बारीक गाळ नदीपर्यंत येतो. त्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार तिथेच साचतात. हे कारण तिनं लिहिलं नव्हतं, पण दोन ठिकाणं शेजारी ठेवली होती, तीही बरोबर निवडून. ‘विषयांतर’वर रेघ मारली आणि ९ केले. एक गुण कापला तो कारण अर्धवट सोडलं म्हणून. तिला बोलावून दोन्ही आकडे दाखवले आणि पहिला का चुकला तेही सांगितलं. ती नुसती हसली.

चार कागद सरांना गुण झाकून तपासायला दिले. तिघांत आमचा एका गुणाचा फरक, ताटल्यांवाल्यात मात्र तीनचा. त्यांनी १० दिले होते. “प्रयोग केला ना पोरानं!” त्यावर अजून आमचं एकमत नाही.

वर्णनात्मक नोंदींत दरवर्षी मी ‘भूगोल विषयात रुची आहे’ असंच लिहिते, निम्म्या वर्गाला. या खेपेला त्या मुलीपुढे लिहिलं: ‘दोन गावांच्या विहिरींतल्या मातीची तुलना करून कारण शोधते.’ रकान्यात मावेना, दोन ओळी लागल्या.

समुद्रवाल्या ११ जणांना कागद परत दिले, आठवडाभरात पुरावा आणा म्हणून. तिसऱ्या दिवशी तोच पोरगा मधल्या सुट्टीत आला. “मॅडम, समुद्र होता तं इहीर खंदताना शिंपले सापडाले पाह्यजे ना? बाबाले इचारलं, त्याईले एकबी नाही भेटला.” त्याचा कागद अजून माझ्याकडेच आहे, ‘काय म्हणतो’ या रकान्यातलं समुद्राचं वाक्य त्यानं स्वतःच खोडलंय.