पाय काढा

चाळीसगावात बायकांच्या सकाळच्या बॅचला मी गाडी शिकवते. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पहिले आठ दिवस गाडी निम्मी मीच चालवते, हे कोणाला ठाऊक नसतं. क्लच झटक्यात सुटला की गाडी गचका खाऊन बंद पडते, मागचा हॉर्न मारतो, बाई रडकुंडीला येते. म्हणून माझा डावा पाय कायम पेडलवर. मी हळूच दाबते, गाडी सावरते, बाईला वाटतं आपल्याला जमलं. आजवर हे मी स्वतःचं कसब समजत होते.

काकू एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मुलाने बिनक्लचची गाडी घेऊन दिली, ती दारात उभी, आणि या माझ्याकडे. मुलाचा फोन आला, "मॅडम, या वयात आईला गिअर कशाला?" मुलांचे फोन असेच येतात, वडिलांसाठी कोणी करत नाही. लायसन्सला तर फरकच नाही. दुचाकीला गिअरचं आणि बिनगिअरचं वेगळं, चारचाकीला एकच. पण काकू म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यानं टाकलेले गिअर ऐकले व माय. आता मी टाकते."

कोर्समध्ये घाट नसतो. शेवटच्या दिवशी त्यांनीच हट्ट धरला, कन्नडचा घाट. जुना 211, आता 52 नंबरचा हायवे. डबल बेल मारत हजारदा चढलेला.

शिकणारे लोक मीटरकडे बघून गिअर बदलतात. काकू कानाने बदलत होत्या. चढाला इंजिनाचा आवाज जरा जड झाला, मी "दुसरा" म्हणायच्या आत त्यांच्या डाव्या हाताने दुसरा टाकलेला. आमच्या गिअरच्या मुठीवरचे आकडे कधीच पुसले गेलेत, पण तो हात चाचपडला नाही. तळवा वरून अलगद ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, हे मी प्रत्येकीला वीस वेळा सांगते. यांना एकदाही सांगावं लागलं नाही. "इथं आमचे ड्रायव्हर पहिल्यावर यायचे," एका वळणावर म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या.

त्याच्या पुढच्याच वळणावर ट्रक अडकला होता. आम्ही चढावर उभ्या, मागे दुधाचा टेम्पो अगदी चिकटून. ट्रक हलला. काकूंनी क्लच हाफवर आणला, बॉनेट किंचित उचललं, स्टिअरिंगला बारीक थरथर आली. हँडब्रेक सोडायची हीच वेळ. त्यांनी सोडला, आणि नेमका तेव्हाच माझा पाय गेला. क्लच दाबला म्हणजे इंजिनाने चाकं सोडली. गाडी मागे घसरली, वीतभरच, पण टेम्पोवाला किंचाळला.

काकूंनी हँडब्रेक खेचला.

"पाय काढा मॅडम." फुटबोर्डवर लोंबकळणाऱ्याला सांगावं तसा आवाज. "पेडल माझ्या पायाखालून पळतंय. पहिल्या दिवसापासून पळतंय."

दोन्ही पेडलं आतून जोडलेली असतात. मी दाबलं की तिचंही खाली जातं. इतकी वर्षं एकीलाही कळलं नसेल, असं मी कशावरून धरून चालले?

मी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. खरंच. घाटात, मागे टेम्पो असताना. कोणी पाहिलं असतं तर स्कूलच बंद करावं लागलं असतं.

हाफ क्लच. थरथर. हँडब्रेक खाली. गाडी तसूभरही मागे न जाता चढली. काकूंनी तोंडानेच "टण टण" केलं आणि मग वरपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. घाट उतरतानाही गाडी दुसऱ्यावरच, ब्रेक नावापुरता.

दुसऱ्या दिवशी सहाच्या बॅचला कॉलेजची नवी मुलगी होती. क्लच सोडताना तिचा गुडघा लटपटत होता. माझा पाय पेडलवर गेला, उचलला, परत गेला, परत उचलला. गाडी गचका खाऊन बंद पडली, ऐन स्टेशन रोडवर. मागून रिक्षावाला काहीबाही बोलला.

"मॅडम, तुम्ही दाबला का नाही?" मुलीने विचारलं.