आण्णांना उठू द्या

"येताना आपल्या पायानं चालत आलते की हो मॅडम." डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअर ढकलत नेणारा मुलगा हे म्हणतो. सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे वाक्य मला नेहमी ऐकायला मिळतं. न्यूमोनिया बरा झालेला असतो, ताप गेलेला असतो, पण आण्णांना कॉटवरून उठवायला दोघं लागतात. घरचे म्हणतात, वय झालं, आजारानं खाल्लं. आजारानं थोडं खाल्लं हे खरंच. बाकीचं कॉटनं खाल्लं.

सत्तरी ओलांडलेली जी माणसं दवाखान्यात दाखल होतात, त्यांतली साधारण एक तृतीयांश घरी जाताना रोजचं एखादं काम गमावून जातात. आजारापूर्वी अंघोळ, कपडे, संडास हे त्यांचं ते करत होते. आता कुणीतरी लागतं. अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, २००७ साली प्रसिद्ध झाला. धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस फक्त झोपवून ठेवलं. ना ताप, ना सलाईन. तरी त्यांच्या पायांतलं, चरबी सोडून, जवळपास एक किलो वजन उतरलं. आमचे आण्णा तर आजारी असतात, जेवण निम्म्यावर आलेलं असतं, आणि तपासण्यांसाठी मधूनमधून उपाशीही ठेवलेलं असतं.

आपल्याकडे माणसं झोपून राहतात ती बरीचशी प्रेमापोटी. सून घास भरवते, मुलगा लघवीचं भांडं लावतो, रात्री धावपळ नको म्हणून डायपर बांधला जातो. भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा "पडून राहा, आराम करा" सांगून जातो. कॉटचे कठडे वर, हाताला सलाईन, खाली लघवीची नळी. उठावं तरी कसं?

पण हाच कॉटशेजारचा माणूस आपलं सगळ्यात मोठं बळ आहे, असं मला मनापासून वाटतं. डॉ. शॅरन इनोये यांनी अमेरिकेत न्यू हेवनला सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला, तो १९९९ मध्ये छापून आला. औषध नवं नव्हतं. शिकवलेले स्वयंसेवक रुग्णांना चालवत, चष्मा आणि कानाचं यंत्र लावायला देत, पाणी पाजत, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे बोलत राहत, रात्री गोळीऐवजी कोमट दूध देऊन पाठ चोळत. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, म्हणजे ते अचानक गोंधळून बरळायला लागले; या प्रयोगातल्या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. तिकडे यासाठी स्वयंसेवक उभे करावे लागले. आपल्याकडे मुलगी, नातू, पुतण्या स्टुलावर बसूनच असतात! त्यांना काय करायचं ते कुणी सांगत नाही, एवढंच.

म्हणून सांगते. पहिल्याच राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, "यांना उठवून बसवू का? चालवू का?" हाड मोडून ऑपरेशन व्हायचं असेल, बीपी फार खाली असेल, छातीत दुखत असेल तर ते थांबा म्हणतील, ते ऐकायचं. परवानगी मिळाली की मात्र वेळ घालवू नका. आधी पाय खाली सोडून कॉटच्या कडेला बसवा आणि थोडा वेळ जाऊ द्या. झोपलेला माणूस एकदम उभा केला की बीपी उतरतं, चक्कर येते. गरगरत नसेल तर उभं करा, मग खुर्ची, मग संडासपर्यंत. सलाईनचा स्टँड सोबत चालतो, आणि मध्ये बंद ठेवता येईल का ते सिस्टरना विचारायला काही हरकत नाही. चप्पल घरची, मागे पट्टा असलेली आणा. गुळगुळीत फरशीवर सपाता घसरतात. जेवण खुर्चीत बसून, आणि घास त्यांच्याच हातानं. सांडलं तर पुसता येतं.

लघवीच्या नळीबद्दल मी जरा हट्टी आहे. ती का घातली आणि अजून हवीच आहे का, हे रोज विचारा. नळी असेतो माणूस बांधलेला राहतो आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळी.

घरून येताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र आणाच. हरवेल म्हणून ते कपाटात राहतं, आणि मग ऐकू न येणारे, नीट न दिसणारे आण्णा तिसऱ्या रात्री बरळायला लागले की सगळे घाबरतात. असं अचानक झालं तर "म्हातारपण" म्हणून सोडू नका, त्याच वेळी सिस्टरना सांगा. दिवसा पडदा उघडा ठेवा. बेदाण्याचा दर, हळदीचा सौदा, ऊसतोड कधी येणार, हे विषय काढा. डोकं जागं राहतं.

आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मला किंवा तुमच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टला गाठा. घराला किती पायऱ्या, संडास भारतीय की कमोड, रात्री दिवा कुठे लागतो, हे सांगा. पायऱ्या आम्ही जिन्यातच करून घेतो. खुर्चीतून हात न टेकता उठायचा व्यायाम शिकवतो. कमोडची खुर्ची लागणार असेल तर ती आण्णा घरी पोचायच्या आधी आणून ठेवा.